नऊ फुटांची रिंग

माझी उंची लिहायची असेल तर शेवटी लिही, आधी नको. आधी लिहिलीस की पुढचं कोणी वाचत नाय, आजवर माझ्यावर जे काय छापून आलं त्यात पहिली ओळ उंचीचीच, आणि ती पण दर वेळी वेगळी. नाव लिही, वनिता. गाव लिही, पोलादपूर. उंची मी सांगेन तेव्हा लिही.

तशी मी पोलादपूरची पण नाय, पोलादपूरच्या वरची. आंबेनळी घाट लागला की एका वळणावर पाऊलवाट वर चढते, आता अर्ध्यापर्यंत रस्ता झालाय, उरलेला अर्धा पुढच्या निवडणुकीला होईल, तर तिच्या टोकाला आमची वाडी. दहा-बारा घरं, आणि माणसांपेक्षा म्हशी जास्त. बाप दूध घेऊन खाली उतरायचा, तो उतरला नाय तर मी उतरायची, आणि तो फार वेळा उतरायचा नाय, दारू प्यायचा असं सरळ लिही, आता लपवून काय करायचंय. आई माझ्याएवढीच उंच. पण ती उंच हाय हे मला फार उशिरा कळलं, कारण ती जन्मभर वाकून चालली. घराचं दार बुटकं, आणि उंच बाई दिसली की माणसं हसतात, म्हणून वाकून. मला पण तेच, गो वाकून चाल, गो खांदे पाड. सातवीत मी आमच्या बाईंच्या वर गेली. पोरं बोलायची, ए पोफळे, सुपारी पाड. लग्नाला गेली की बायका माझ्यासमोरच बोलायच्या, हिच्या नवऱ्याला हार घालायला शिडी लागेल, आणि आई पण त्यांच्याबरोबर हसायची. काय करणार ती तरी, तिला वाटायचं आपण आधी हसलो की कमी लागतं.

आता एक गोष्ट सांगून टाकते, कारण तिचा मला वीट आलाय. पेपरवाले येतात ते विचारतात, ताई, दुधाच्या किटल्या घेऊन डोंगर चढता-उतरता तुमची तयारी आपोआप झाली असेल ना. एकाने तर छापलं, सह्याद्रीची हरिणी. हरिणी कसली. डोंगर उतरून उतरून गुडघे झिजले, एवढीच तयारी झाली. डोंगराने कोणाला बास्केटबॉल शिकवला असता तर आमची सगळी वाडी जाऊन अमेरिकेत खेळली असती. मला खेळ शिकवला माने सरांनी, आणि शिव्या देऊन शिकवला.

आठवीला मला महाडला आत्याकडे ठेवली. तिथल्या शाळेत माने सर खेळाचे. मैदानात दोन खांब, त्यातला एक कधीच पडलेला, म्हणजे रिंग एकच. सावित्रीला मोठा पूर आला की पाणी त्या रिंगच्या वर जायचं, ओसरलं की रिंगमध्ये गवत, प्लास्टिक, एकदा तर कोणाची तरी सुपली अडकलेली, ते सगळं काढायचं, चिखल उपसायचा आणि खेळायला लागायचं. सरांनी मला बघितलं ते फळा पुसताना. फळ्याच्या अगदी वरची तारीख मी टाच न उचलता पुसली. सर दारातून बोलले, ए, उद्यापासून मैदानावर. मी बोलली, सर, मला खेळ येत नाय. ते बोलले, तुला ताठ उभं राहता पण येत नाय, आधी ते शिक.

सर कडू माणूस होता. गोड बोललेला मला आठवत नाय. पण त्यांचं एक होतं, ते नीट लिही, कारण पुढचं सगळं त्याच्यावरच हाय. दर सोमवारी सर एक बांबू घेऊन यायचे, सरळ, रंधा मारलेला, त्याच्यावर दहा फुटाला लाल पट्टी ओढलेली. तो रिंगखाली उभा करायचे आणि बघायचे रिंग पट्टीला लागते का. पोरं लोंबकळायची, पुराने खांब खचायचा, मग रिंग कधी बोटभर खाली, कधी एका बाजूला कलती. खाली गेली असेल तर त्या दिवशी खेळ नाय, आधी खांब सरळ, मग खेळ. आम्ही मागून हसायचो, सरांची सत्यनारायणाची पूजा चालू झाली म्हणायचो. सर बोलायचे, हसा. रिंग बोटभर खाली आली तरी तुमचा हात खोटं शिकेल, आणि हात एकदा खोटं शिकला की तोंडाने सांगून सुधरत नाय. तेव्हा मला वाटायचं म्हातारा येडा हाय.

मग पुण्याला खेळाच्या वसतिगृहात निवड, मग मुंबईला एका मोठ्या ऑफिसच्या संघात नोकरी, नोकरी म्हणजे सकाळी सही करायची आणि दुपारपासून सराव. देशाच्या संघाच्या शिबिराला एकदाच बोलावलं, पंधरा दिवस, सोळाव्या दिवशी परत पाठवलं. म्हणजे मी देशाकडून कधी खेळली नाय. हे पण तसंच लिही. कारण पोलादपुरात माझा जो बॅनर लागला त्यावर काय लिहिलं होतं ते पुढे सांगते.

शिबिरात एक एजंट भेटला. तो पोरींना बाहेरच्या देशांत लावायचा, जशी माणसं गल्फला लावतात तशी, फक्त आम्हाला बुटं घालून. पहिला देश मालदीव. तिथं महिन्याभराची स्पर्धा असते, प्रत्येक संघाला एक-दोन बाहेरच्या खेळाडू घ्यायची मुभा, ते आम्हाला फॉरेन प्लेयर म्हणायचे. मला हसू यायचं, मी फॉरेन. माले शहर एवढंसं, एका टोकाचा समुद्र बघून चालायला लागलं की चहा थंड व्हायच्या आत दुसऱ्या टोकाचा समुद्र. तर तिथला फॉर्म एजंटाने भरून आणला, त्यावर उंची लिहिलेली सहा फूट. मी बोलली, ही माझी नाय. तो बोलला, हाइट कौन नापता है मॅडम, सब बढ़ाके लिखते हैं, तुमने नहीं लिखा तो तुम ही छोटी. मी सही केली. कोणी मोजलं नाय, मी चांगली खेळली, संघ दुसरा आला, त्यांनी परत पुढच्या वर्षी बोलावलं. मला वाटलं एका इंचाचं काय घेऊन बसायचं.

पण काय सांगू तुला, देश बदलला की माझी उंची वाढायची. मालदीवला सहा, थायलंडला सहा एक. मग ऑफिस सोडलं, कारण ते बोलले एक तर तिकडे खेळ नायतर इकडे सही कर. दोन वर्षं थायलंडला काढली. खेळ बरा होता तिथला, हॉल सुंदर, लाकडी फरशी, बॉल आपटला की टाळीसारखा आवाज. पण संघाचा मालक फ्रीज विकायचा. प्रत्येक नव्या दुकानाच्या उद्घाटनाला मला नेऊन फ्रीजच्या बाजूला उभं करायचे. फ्रीजवर कागद चिकटवलेला, सहा फूट एक. आणि मी तेवढी नाय ना, म्हणून मला टाचांचे बूट दिले, ते खोटं माझ्या पायाने उचलून धरायचं काम माझंच. माणसं येऊन दंडाला हात लावून बघायची. बायका पोरांना माझ्या पोटापर्यंत उभं करून फोटो काढायच्या. आमच्या म्हशीला गिऱ्हाईक असंच बघतं, दात बघतं, कास दाबून बघतं, पण म्हैस लाथ तरी मारते. मी हसत उभी राहायची. तुला किळस वाटते ना ऐकून, मला तेव्हा वाटली नाय, आता वाटते, आणि दुकानदाराची नाय वाटत एवढी, माझी वाटते.

गुडघा तिथंच बोलायला लागला. उजवा. मॅचच्या आधी एक डॉक्टर सुई मारायचा, मग गुडघा माझा राहायचाच नाय, दुसऱ्या कोणाचा तरी असल्यासारखा, त्याच्यावर उड्या मारायच्या. सुई उतरली की जिना उलटं वळून उतरायची. एजंट बोलला, गुडघ्याचं कोणाला सांगू नको, सांगितलं की संपलीस. आणि त्याने मला आणखी लांब लावली, रोमेनियाला, तिथल्या दुसऱ्या नाय तर तिसऱ्या दर्जाच्या गावातल्या संघात. कागदावर सहा फूट दोन.

तिथं बर्फ. घाटातलं धुकं बघून वाढलेली मी, मला वाटलं थंडी म्हणजे तेवढीच. एक गोष्ट मात्र घरच्यासारखी, तिथले डोंगरातले लोक मेंढ्या पाळतात, बाजारात त्यांच्या म्हाताऱ्या चीज विकायला बसतात, त्यांच्या अंगाला आमच्या गोठ्याचा वास. मी उगाच जाऊन त्यांच्या बाजूला उभी राहायची. कोच पण म्हातारी बाई होती, केस पांढरे, शिट्टी गळ्यात. पहिल्या दिवशी तिने माझा कागद वाचला, माझ्याकडे बघितलं, परत कागद वाचला, आणि बोटाने खूण केली, बूट काढ. तिच्या खोलीच्या दाराची चौकट होती, तिच्यावर पेन्सिलीने रेघा, प्रत्येक रेघेशी नाव, तिच्याकडे खेळून गेलेल्या सगळ्या पोरींची. मला चौकटीला टेकून उभं केलं, डोक्यावर वही आडवी ठेवली, रेघ मारली, फितीने मोजलं. मग संघातली एक पोरगी इंग्रजी बोलायची तिला बोलावून माझ्याशी बोलली. बोलली, कागदावर एकशे अठ्ठ्याऐंशी, चौकटीवर एकशे ऐंशी. मी बूट परत घालायला वाकली. ती बोलली, मला आठ सेंटिमीटरचं काय नाय, मी बुटक्या पोरींना घेऊन पण जिंकलीये, पण तू उंचीचं खोटं बोललीस, आता तू गुडघा बरा हाय म्हणतेस ते मी कशावरून खरं धरू.

मी तिला गुडघ्याबद्दल एक शब्द बोलली नव्हती. तिने मला तिच्या जिन्यावरून चढताना बघितलं होतं.

रेघेशी तिने माझं नाव लिहिलं नाय. ते मला लागलं. अख्खा हंगाम मी बाकावर, मॅच हरलेली नायतर जिंकलेली असली की शेवटची दोन मिनिटं आत. मार्चमध्ये गुडघा सरावातच गेला, आवाज झाला, ओली फांदी मोडते तसा. त्यांनी तिकीट काढून दिलं. एजंटाने फोन उचलायचं बंद केलं. असा माझा तीन देशांचा खेळ. आता त्याला आंतरराष्ट्रीय कारकीर्द म्हणतात.

घरी आली तेव्हा आई वारलेली होती, बाप पण, भाऊ खाली पोलादपूरला राहायला आलेला. महाडला माने सरांकडे गेली, तर ते पण नव्हते. त्यांच्या सुनेने मागच्या पडवीतून तो बांबू काढून दिला, बोलली, हा कपडे वाळत घालायला वापरत होतो, पण तुम्हीच न्या, ते तुमचं नाव घ्यायचे. लाल पट्टी पुसट झालेली. मी तो एस.टी.तून आडवा धरून आणला, कंडक्टर शिव्या देत होता, माणसांची डोकी फोडशील म्हणून.

मग पोलादपूरच्या शाळेत लागली, तासिका तत्त्वावर, म्हणजे जेवढे तास शिकवलं तेवढंच, सुट्टी लागली की आपण नाय. पोरींना जमवलं. त्यातली एक प्रज्ञा, खालच्या बौद्धवाडीतली, बाप एमआयडीसीत फिटर, शिफ्टला जातो. उंच नाय ती. मध्यम. पण हात बघितला आणि मला कळलं. बॉल सोडताना मनगट असं पडायचं की बस्स, आणि डोळा रिंगवरून हलायचा नाय, मागून कोणी ढकललं तरी. मी तिला शिव्या द्यायला लागली तेव्हा मला कळलं मी तिच्यावर आशा ठेवलीये.

रिंग नव्हती आमच्याकडे, हे सांगायचं राहिलं. भिंतीवर खडूने गोल काढून मारायचो. मी तीन वर्षं अर्ज केले, एक मैदान द्या, दोन खांब द्या. शेवटी आमचे एक साहेब हायत, नाव नको, त्यांनी मनावर घेतलं. सिमेंटचं मैदान झालं, खांब आले, फळ्या आल्या, रंग लागला. मी स्वतः बांबू लावून खांब उभे करून घेतले, दोन्ही बाजू बरोबर दहा फूट. आणि साहेब बोलले उद्घाटनालाच तुमचा सत्कार.

उद्घाटनाच्या दिवशी सकाळी गेली तर वेशीला बॅनर. साहेब केवढे, त्यांच्या भोवती त्यांची पंधरा-वीस डोकी, आणि खाली कोपऱ्यात मी, भारतीय संघाची माजी कर्णधार, साडेसहा फूट उंचीची कोकणकन्या. मी मनात बोलली, वाढली परत. मैदानात आली, सवयीने रिंगखाली उभी राहिली, हात वर केला, आणि उभ्या-उभ्या माझी बोटं जाळीला लागली. दहा फुटावर रिंग असली की जाळीसाठी मला उडी मारायला लागते. मला बांबू आणायची गरजच नव्हती. फूटभर खाली.

ठेकेदार खुर्च्या मांडत होता. बोलली, ही रिंग कोणी खाली घेतली. तो हसत बोलला, ताई, साहेब काल संध्याकाळी येऊन प्रॅक्टिस करून बघत होते, तीन बॉल मारले, एक पण पोचला नाय, बोलले उद्या फोटोवाले हायत, बॉल तर गेला पायजे ना, म्हणून आज सकाळीच खांब कापून फूटभर खाली जोडला. मी बोलली, आणि ती दुसऱ्या बाजूची. तो बोलला, ती पण केली, दोन्ही सारखे दिसायला नकोत का. मी बोलली, अरे रिंग दहा फुटावर असते. तो बोलला, एका फुटाने काय होतंय, मोजतंय कोण.

एजंट हिंदीत बोलला होता, हा मराठीत बोलला.

साहेबांनी दोन्ही हातांनी खालून बॉल टाकला, नारळीपौर्णिमेला समुद्रात नारळ सोडतात तसा, आणि तो गेला. टाळ्या. मला शाल, नारळ, ट्रॉफी. निवेदक बोलला, आता आपल्या वनिताताई दोन शब्द बोलतील. माईक हातात आला. समोर पोरी बसलेल्या, प्रज्ञा पहिल्या रांगेत, नवीन बूट घालून, बापाने त्याच दिवसासाठी घेतलेले. दोन शब्दच होते बोलायचे. रिंग खाली हाय. तीन झाले. मी साहेबांचे आभार मानले.

नंतर गेली होती मी त्यांच्याकडे, नाय गेली असं नाय. ते बोलले, ताई, पोरी लहान हायत, रिंग खाली असली तर बरंच हाय, उत्साह वाढतो. आणि मागचा कोणी तरी बोलला, बाहेर देश फिरून आल्या ना, यांना आता इथलं काय आवडत नाय. सगळे हसले. मी पण हसली असेन, माझी आई हसायची तसं. घरी येऊन बांबू माळ्यावर टाकला. कारण बांबू खाली ठेवला असता तर सोमवार आला असता.

सहा महिने पोरी त्या रिंगवर खेळल्या. मी बघत होती. प्रज्ञाचे दहातले आठ जायचे, नऊ जायचे, पोरी ओरडायच्या, आणि मी बॉल गोळा करायला वळायची. मी स्वतःला सांगायची, बॉलला उंची जास्त दे असं शिकवलं की झालं, नंतर सांगू, निवडचाचणी जवळ आली की सांगू. जवळ आली. मग वाटलं आता सांगितलं तर पोरीचा धीर जाईल. खोटं बोलणाऱ्याला कारण कमी पडत नाय बघ.

चाचणी अलिबागला. पुण्याच्या वसतिगृहासाठी, जिथं मी गेली होती तिथंच. उंची, धावणं, सगळ्यात ती बरी, मग वीस बॉल मारायचे. पहिला बॉल रिंगच्या पुढच्या कडेला लागून परत तिच्याकडे. दुसरा तसाच. तिने जोर लावला, मग फळीवर. पाचव्या-सहाव्यानंतर ती स्वतःच्या हाताकडे बघायला लागली. मी आयुष्यात खूप पोरींना हरताना बघितलंय, पण स्वतःच्या हातावरचा विश्वास असा एकेक बॉलने जाताना मी पहिल्यांदा बघितला, आणि तो मी घालवला होता. विसातले तीन गेले. परीक्षक चांगला माणूस होता, बोलला, पुढच्या वर्षी ये, वयात बसतेस अजून, शेवटचं वर्ष.

परतीच्या एस.टी.त ती खिडकीपाशी, मी बाजूला. माणगाव गेलं. मग खिडकीतून बाहेर बघतच बोलली, मॅडम, अलिबागची रिंग वर होती का. मी बोलली, नाय, ती बरोबर होती. ती बोलली, मग आपली. मी बोलली, आपली खाली हाय, एक फूट. ती माझ्याकडे वळली. तुम्हाला माहीत होतं. हो. कधीपासून. पहिल्या दिवसापासून. तिने काय केलं, दप्तर उचललं आणि कंडक्टरच्या मागच्या सीटवर जाऊन बसली. रडली नाय, भांडली नाय. पोलादपूर येईपर्यंत मी तिच्या वेणीकडे बघत बसली.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या घरी गेली. तिचा बाप पहिली शिफ्ट करून जेवायला बसलेला. मी उंबऱ्यातच सगळं सांगितलं, मालदीवच्या फॉर्मपासून सांगितलं, बसा म्हणाले तरी बसली नाय. तिची आई बोलली, म्हणजे तुम्ही आमच्या पोरीला सहा महिने खोटं शिकवलं. मी बोलली, हो. बापाने भात कालवून घेतला. मग बोलला, मॅडम, एक फूट पाइपच ना. आमचं कामच ते हाय. तुम्ही त्या दिवशी नुसतं बोलला असतात तर मी संध्याकाळी जोडून दिला असता.

बघ म्हणजे. साहेब नको, अर्ज नको, एक फूट पाइप. मला वाटत होतं माझ्या बोलण्याने मैदान जाईल, तास जातील, गावात राहायची सोय जाईल, आणि ते काम एका माणसाच्या सुट्टीच्या दुपारचं होतं.

रविवारी त्याने केलं. पाइप कंपनीतला नाय, भंगारवाल्याकडून घेतलेला, हे आठवणीने लिही, नायतर त्याच्यावर येईल. दोन्ही खांब कापले, तुकडा घातला, जोड मारले. जोड दिसतो, रंगाचा फरक पडलाय, खांबाला बांधलेल्या म्हशीच्या गळ्यासारखी एक वळी आलीये. साहेबांच्या नावाची पाटी त्याच खांबावर हाय, तीच त्याने परत नीट बसवून दिली. साहेब अजून मैदानावर आलेले नायत. कोणाच्या लक्षात आलं नाय. ठेकेदार खरंच बोलला होता, मोजत कोणीच नाय.

प्रज्ञा आठ दिवस आली नाय. नवव्या दिवशी आली, माझ्याशी न बोलता बॉल घेतला. हात सुधरायला सहा महिन्यांपेक्षा जास्त लागतात, सर बोलले होते तसंच, सांगून सुधरत नाय, एकेक बॉलने परत शिकवायला लागतो. आता दहातले पाच जातात. कधी सहा. पुढच्या महिन्यात परत अलिबाग, आणि हे शेवटचं वर्ष. होईल का, मला माहीत नाय. मी आता होईल होईल म्हणत नाय.

पण सोमवारी बांबू ती आणते. माझ्यावर सोडत नाय. माझ्या माळ्यावरून काढून तिने तो स्वतःच्या घरी नेऊन ठेवलाय, लाल पट्टी बापाकडून परत रंगवून घेतलीये, फितीने मोजून, माझ्या शब्दावर नाय. रिंगखाली उभा करते, एक डोळा मिटून बघते, बाकीच्या पोरी मागून हसतात, आणि मग ती बोलते, हां, बरोबर, खेळा. मॅडम म्हणते मला, पण पूर्वीसारखं नाय म्हणत. ते मी मागणार पण नाय.

मागच्या सोमवारी तिने काय केलं, रिंग मोजून झाली आणि बोलली, मॅडम, चप्पल काढा. मी बोलली, कशाला. ती बोलली, काढा तर. खांबाला पाठ लावून उभी केली, डोक्यावर आडवं पुस्तक ठेवलं, खडूने रेघ मारली. मी सवयीने मान ताणली, तर बोलली, ताणू नका. फीत लावली, दोनदा मोजलं, पोरींना दाखवलं, आणि रेघेशी माझं नाव लिहिलं, वनिता मॅडम. मी खेळायची तेव्हा पाच अकरा होती. गुडघा बसलाय, अर्धा इंच त्याने घेतला. पावसात ती रेघ धुऊन जाईल, जाऊदे, पोरीचा हात खरा राहू दे.

आता लिही. पाच फूट साडेदहा.